अठरा हजार चाळीस नंबरचं इंजिन

दिल्लीत चाणक्यपुरीला रेल्वेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथं १८०४० नंबरचं एक डिझेल इंजिन ठेवलंय. लोक वाफेच्या इंजिनांपाशी फोटो काढतात अन् याच्यासमोरून नुसते पुढं जातात. दिसायला ती लांबलचक लोखंडी पेटीच. पण डब्ल्यूडीएम-२ या जातीचं भारतात आलेलं हे पहिलं इंजिन. अमेरिकेतल्या अल्को कंपनीनं ते १९६२ च्या सुमारास पाठवलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन जवळपास ११३ टन. १९६४ च्या जानेवारीत वाराणसीच्या कारखान्यातून याच जातीचं पहिलं इंजिन बाहेर पडलं. अल्को कंपनी १९६९ ला बंद झाली, तरी वाराणसीत तिची इंजिनं नव्वदच्या दशकापर्यंत होतच राहिली. अडीच हजारांच्या वर झाली. देशाचा कोळसा, गहू, खत त्यांनीच ओढलं.

आमच्या पूर्णेला मात्र हे इंजिन तीस वर्षं पोचलंच नाही. त्याला रूळच नव्हता. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद लाईन पडली ती मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. डब्ल्यूडीएम-२ ला लागतं १६७६ मिलिमीटर. १९१२ ला हिंगोलीचा फाटा फुटला अन् पूर्णा जंक्शन झालं. पुढं १९६० च्या आसपास तीच लाईन अकोल्यावरून खांडव्याला जोडली, तेव्हा पूर्णेवरून गाडी पार अजमेर-जयपूरला जायला लागली. लांबचा पल्ला, पण छोटी लाईन. मुंबईकडचा माल मनमाडला उतरायचा अन् मोठ्या लाईनच्या वॅगनमध्ये पुन्हा भरायचा. प्रत्येक गठाण, प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून. त्यात वेळ जायचा, पोती फुटायची. हा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच भावातून निघतो, हे व्यापारी कधी बोलून दाखवत नसत.

पण या छोट्या लाईनीवरच पूर्णा जगत होती. वाफेच्या इंजिनाला माणसं लागतात. ड्रायव्हर, त्याच्या हाताखाली फायरमन, शेडात कोळसा भरणारे, राख काढणारे, बॉयलर धुणारे खलाशी. माझे मामा फायरमन होते. ड्यूटीवरून आले की भुवयासुद्धा काळ्या. रेल्वेच्या क्वार्टरांत आमच्या गावचं दूध जायचं. वडील सकाळी सायकलला दोन कॅन लावून निघायचे. पगार झाला की उधारी चुकती व्हायची, अन् आमच्या घरी खताचे पैसे यायचे.

मग मीटरगेजवरही डिझेल आलं, वायडीएम-४. जात अल्कोचीच, सिलिंडर सहा, ताकद थोरल्या भावाच्या साधारण निम्मी. डिझेल इंजिनातलं तेल थेट चाक फिरवत नाही. तेलावर जनित्र फिरतं, त्याची वीज चाकांजवळच्या सहा मोटारींना जाते. म्हणजे ते स्वतःचं वीजघर पोटात घेऊन फिरतं. मामांनी हे मला एकदा शेडाच्या कुंपणापाशी समजावून सांगितलं अन् वर म्हणाले, "लेकरा, ह्याला कोळसा लागत न्हाई, पाणी भराय लागत न्हाई. मंग माणूस तरी कशाला लागंल?"

तसंच झालं. पुढं नव्वदच्या दशकात मोठी लाईन पूर्णेपर्यंत आली अन् डब्ल्यूडीएम-२ काळा धूर सोडत एकदाचं स्टेशनात शिरलं. बघायला आसपासच्या खेड्यांतून लोक आले होते. मनमाडची ती चढउतार संपली, मालाची गाडी इथून सरळ निघायला लागली. हे चांगलंच झालं, मी नाही म्हणणार नाही. ज्या मागणीसाठी मराठवाड्यातल्या माणसांनी वर्षानुवर्षं अर्ज-मोर्चे केले, ती ही. पण शेडातली माणसं पांगली. मामांची बदली लांब झाली, ते क्वार्टर सोडून गेले. २००३ ला रेल्वेचा नवा विभाग झाला तो नांदेडला. २००८ ला अकोल्याकडची छोटी लाईनही मोठी झाली, अन् आता तर वर विजेच्या तारा आहेत, डिझेलचंही काम कमी झालंय.

वडिलांनी दुधाची फेरी कधीच बंद केली. गावचं दूध आता पूर्णेत जात नाही. संध्याकाळी डेअरीची गाडी येते, ती घेऊन जाते.