तीस वैद्यांचा परवाना

आपल्या वैद्यांशी पोर्तुगीज कसे वागले, ते पाहण्यासारखे आहे. 1567च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिश्चनांना हिंदू वैद्याकडे जाण्यास मनाई केली. तरी लोक जातच राहिले, बडे अधिकारीसुद्धा! वैद्याला ते ‘पंडित’ म्हणत.

मग 1618 साली गोव्याच्या नगरपालिकेने नियम केला : ‘फिझिको-मोर’ या मुख्य सरकारी वैद्याकडे परीक्षा दिल्याशिवाय वैद्यकी करायची नाही, आणि परवाना फक्त 30 हिंदू वैद्यांना. परीक्षक मात्र युरोपी वैद्यक शिकलेला. त्याला आपले काढे, चूर्णे कितपत कळणार?

मला तो 30चा आकडा बोलका वाटतो. वैद्य नकोच असते तर साफ बंदी घातली असती. पण युरोपातून येणारे डॉक्टर थोडे आणि इथले ताप त्यांना अनोळखी. एकतिसाव्या वैद्याने काय केले असेल?