फियाटला साज चढवताना

मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचे पर्व ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे संपले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदल्या गेलेल्या शेवटच्या गाडीने २० वर्षांची वयोमर्यादा गाठली आणि काळ्या-पिवळ्या फियाटचा परवाना इतिहासजमा झाला. त्यापूर्वीच्या काही वर्षांत अशा हजारो गाड्या भंगारात गेल्या होत्या. त्यांच्यासोबत दरवाजांवरील चकचकीत पट्ट्या, पुढची जाळी, बॉनेटवरची नावे आणि व्हीलकॅपही वितळून गेल्या, याची दखल त्या वेळी फारशी कोणी घेतली नाही. आज जुनी फियाट नव्याने उभी करू पाहणाऱ्या हौशी मालकाची खरी अडचण इथेच सुरू होते. इंजिन उघडता येते, कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो, रंग तर हवा तो मिळतो. गाडीचा साज मात्र मिळवावा लागतो आणि मिळाल्यावर तो बसवताही यावा लागतो.

हे काम सर्वांत शेवटचे, म्हणून सर्वांत सोपे, असा एक समज आहे. वर्षभराच्या मेहनतीचे नुकसान बहुधा याच समजापोटी होते. ताज्या रंगावर पाना घसरतो, चुकीच्या जागी भोक पडते, पट्टी एका दरवाजावर दोन मिलिमीटर वर चढते. गाडीतले बाकी दोष झाकले जातात. बाजूची पट्टी वाकडी असेल तर ती रस्त्याच्या पलीकडूनही दिसते.

चकाकी आली कुठून?

मोटारीच्या पहिल्या काळात शोभेचा धातू म्हणजे पितळ किंवा निकेलचा मुलामा. दोन्ही सतत घासावे लागत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यास क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर शक्य झाला आणि पुसले की पुरे, अशी चकाकी हाती आली. १९३० च्या सुमारास फोर्डच्या 'मॉडेल ए'वर न गंजणाऱ्या पोलादाचे भाग आले. पुढच्या तीन दशकांत अमेरिकी मोटारींनी या दोन्हींचा अक्षरशः उत्सव केला. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरच्या मागच्या बाजूस असलेला खाचांचा ॲल्युमिनियमचा पत्रा हा त्याचा ठसठशीत नमुना. मुंबईला या गाड्या अपरिचित नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी सुरू केली होती, ती १९५४ पर्यंत चालली. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट बांधली. आधी 'डुक्कर' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी गोलमटोल गाडी, १९६४ पासून ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी. अमेरिकी गाड्यांच्या मानाने फियाटचा साज अगदी मोजका आहे. त्यामुळेच त्यातला एखादा दागिना चुकला तर लगेच डोळ्यांत भरतो.

धातूची ओळख

चकाकणारे सर्व काही क्रोम नसते. एकाच गाडीवर चार प्रकारचे धातू असू शकतात आणि प्रत्येकाची शुश्रूषा निराळी. बंपर साधारणतः पोलादी आणि क्रोमचा मुलामा दिलेला. बाजूच्या लांब पट्ट्या न गंजणाऱ्या पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या. हँडल, मोनोग्राम, दिव्यांच्या कडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव आणि त्यांवर क्रोम. जुन्या परदेशी गाड्यांत पितळही सापडते.

लोहचुंबक घेऊन फिरणे ही पहिली परीक्षा, पण तिच्यावर विसंबून चालत नाही. मोटारींच्या पट्ट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या न गंजणाऱ्या पोलादाच्या काही जातींनाही चुंबक चिकटतो. चिकटलाच नाही तर मग वजन पाहावे: ॲल्युमिनियम हलके, जस्ताचे ओतकाम हाताला जड. जस्तावरील क्रोमला बारीक फोड येतात आणि त्यातून पांढरी भुकटी निघते. ही खूण एकदा ओळखू आली की विसरत नाही.

न गंजणाऱ्या पोलादाची पट्टी सर्वांत दयाळू. तिच्यावर मुलामा नसल्याने पोचा काढता येतो. आतल्या बाजूने बोथट सुंभ्याने, खाली लाकडाचा ठोकळा घेऊन, हलके ठोके मारत पत्रा वर आणायचा. उंचवटे बारीक कानशीने उतरवायचे. मग २२० क्रमांकाच्या कागदापासून ६०० पर्यंत घासत जायचे आणि शेवटी बफवर धरायचे. पट्टीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून कानशीला आवर हवा. बफिंगला तर अधिकच. फिरत्या चाकाने पट्टीची कड पकडली तर ती कारागिराच्या हातून हिसकावून फेकते. मग पट्टीचा विळा होतो आणि हातही कापतो. चाकाच्या खालच्या भागावर, कड फिरण्याच्या दिशेने ठेवून काम करावे, हा नियम जाणते कारागीर कटाक्षाने पाळतात.

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बहुधा ॲनोडाइझिंगचे पारदर्शक कवच असते. ते न काढता पॉलिश केले तर पट्टी कधीच एकसारखी उजळत नाही. कवच कॉस्टिकच्या द्रावणात उतरवून, पॉलिश करून, पुन्हा चढवून घ्यावे लागते. हे काम घरी करू नये.

क्रोमविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. क्रोमचा थर मायक्रॉनच्याही एका अंशाइतका पातळ असतो. खोली आणि गंजापासून संरक्षण देतो तो त्याखालचा निकेल, तर खड्डे भरून पृष्ठभाग सपाट करण्याचे काम तांबे करते. तांबे, निकेल, क्रोम या क्रमातील पहिल्या दोन पायऱ्यांवर हात आखडणारा कारखानदार स्वस्तात काम करून देतो आणि दोन पावसाळ्यांत बंपरवर तपकिरी ठिपके उमटतात. मुलामा देणाऱ्यास किती पैसे हे विचारण्याआधी तांब्यावर पॉलिश करता का, हे विचारावे. जस्ताच्या ओतीव भागांत खड्डे खोल गेले असतील तर तेही याच टप्प्यावर भरले जातात; उशीर झाला तर भागच उरत नाही. जाता जाता हेही नोंदवायला हवे की, क्रोमच्या हौदातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. हौदावरील धूर ओढून घेणारी आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी जागा निवडणे ही केवळ मालकाच्या चोखंदळपणाची बाब नव्हे.

रंगाआधीची रंगीत तालीम

अनुभवी पुनर्बांधणीकार साज दोनदा चढवतात: एकदा रंगाआधी, एकदा रंगानंतर. पहिली खेप बहुतेक गॅरेजांत गाळली जाते आणि पुढच्या साऱ्या चुकांचे मूळ तिथे असते.

डेंटिंगच्या वेळी पट्टीची जुनी भोके अनेकदा झाळून किंवा लांबी भरून बुजवली जातात. गाडी रंगून चकचकीत झाली की भोके कुठे होती, हा प्रश्न उभा राहतो आणि मग नव्या रंगावर ड्रिल फिरते. त्याऐवजी गाडी उघडण्यापूर्वीच प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत, कडेपासूनची अंतरे मोजून लिहावीत, मोनोग्रामच्या भोकांचे पुठ्ठ्यावर साचे करून ठेवावेत. डावी-उजवी पट्टी सारखी दिसली तरी वळण वेगळे असते. चिठ्ठी बांधलेली बरी. काढतानाही घाई नको. ओतीव भागाच्या मागच्या खुंट्या ठिसूळ झालेल्या असतात. नटांवर गंज सोडवणारे तेल घालून एक रात्र थांबले की बहुतेक खुंट्या वाचतात.

तालमीत आधी दरवाजे जुळवावेत. बाजूची पट्टी एका रेषेत दिसली तरी दरवाजे उघडायचे असल्यामुळे ती तुकड्यांतच असते. बिजागरीत दरवाजा लोंबला असेल तर सर्वोत्तम पट्टीही त्याच्यासोबत लोंबते. फटी समान झाल्या, पट्ट्या सैल बसवून रेषा जमली, भोके तपासली गेली, की सारे काढून गाडी रंगाला पाठवायची. नव्याने घडवलेल्या नकली पट्ट्यांचे वळण मूळ पत्र्याशी क्वचितच तंतोतंत जुळते. ते हाताने बसवून घेण्याची वेळही हीच.

प्रत्यक्ष बसवणी

रंग वरून सुकला तरी आतून काही दिवस मऊ असतो. भट्टीत न भाजलेल्या रंगाला किमान एक-दोन आठवडे, गारव्यात त्याहून अधिक वेळ द्यावा. अन्यथा क्लिपच्या दाबाने रंगावर कायमचा वळ उठतो. दिवाळीला गाडी बाहेर काढायचीच, असा हट्ट इथे महागात पडतो.

त्यानंतरचे पहिले काम पट्टीचे नव्हे, भोकांचे. भोकाच्या कडेला पत्रा उघडा असतो. न गंजणारे पोलाद आणि साधा पत्रा ओलाव्यात एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रियेने साधा पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर ती स्वतः झिजते. चार महिने पाऊस आणि बारा महिने खारी हवा असलेल्या मुंबईत तर हे टळणे कठीणच. म्हणून प्रत्येक भोकाच्या कडेला बारीक कुंचल्याने प्रायमर, त्यावर रंग आणि क्लिपखाली रबरी वायसर किंवा न सुकणारी ब्युटिल लांबी हवी. भिंतीच्या फटी बुजवणारे, व्हिनेगरसारख्या वासाचे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणारे आम्लच गंजाला आमंत्रण देते. जुन्या गाड्यांच्या दारांना पट्टीच्या रेषेखाली फोड आलेले दिसतात, ते याच दुर्लक्षाचे फळ.

मग पत्र्यावर मास्किंग टेपची सरळ रेषा आखायची. पट्टीच्या वर-खालीही टेप असली म्हणजे घसरलेला पाना रंगापर्यंत पोहोचत नाही. क्लिप पट्टीच्या पाठीमागील खाचेत सरकवून भोकांच्या अंतरावर आणायच्या, टोकाच्या क्लिपला स्क्रूची खुंटी आणि आतून नट. दबणारी क्लिप असेल तर पट्टीची वरची कड अडकवून खालची तळहाताने दाबायची. हातोडीला येथे स्थान नाही. सर्व तुकडे सैल लावून, गाडीपासून दहा-बारा पावले मागे जाऊन, खाली बसून रेषा पाहावी आणि मगच नट आवळावेत, तेही बोटांच्या जोराहून थोडेच अधिक. ओतीव मोनोग्रामची खुंटी एका जादा वळशाने तुटते.

पुढच्या-मागच्या काचेभोवतीची चकचकीत पट्टी हे स्वतंत्र प्रकरण. काही गाड्यांत ती काच बसवण्यापूर्वी रबराच्या खाचेत घालावी लागते, काहींत काच बसल्यावर साबणाच्या पाण्याने खाच ओली करून. क्रम चुकला तर काच पुन्हा काढावी लागते आणि जुनी काच दुसऱ्यांदा निघेलच याचा भरवसा नसतो.

दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवरून जाणकारांत वाद आहेत. भोके नकोत, गंज नको, असा तिचा पक्ष. मूळ भोके शाबूत असलेल्या गाडीवर ती वापरणे म्हणजे आळस. ज्या गाडीचा पत्राच बदलला आहे तिथे हलक्या मोनोग्रामसाठी ती स्वीकारार्ह मानायला हरकत नसावी. उन्हात प्रसरण पावणाऱ्या लांब पट्टीवर मात्र तिच्या भरवशावर राहू नये.

अस्सल की नकली

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे ५ हजार. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. सुरुवातीच्या पद्मिनीही आता या वयात आल्या आहेत. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी अट आहे. पट्ट्यांमुळे नोंदणी अडत नाही. प्रदर्शनातील परीक्षकांची नजर मात्र वेगळी असते. डिलाइटवर पद्मिनीचा मोनोग्राम किंवा एका काळातील अँबेसिडरला दुसऱ्या काळाची जाळी त्यांना चटकन दिसते आणि गुण तिथे कापले जातात.

म्हणूनच कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, चोर बाजारात, जुन्या दुकानांच्या माळ्यावर शोध चालू राहतो. पोचे पडलेली अस्सल पट्टी आणि चकाचक नकली पट्टी यांत निवड करायची झाली तर पोचेवालीच घ्यावी. पोचा निघतो, वळण घडवता येत नाही. घेताना पाठीमागची खाच शाबूत आहे ना आणि टोके कापलेली नाहीत ना, एवढे पाहावे. सोबत दोन-चार जुन्या क्लिप मिळत असतील तर त्याही मागून घ्याव्यात, नव्या करवून घ्यायला नमुना म्हणून लागतात.