वाद मांडण्याच्या दोन रीती : 'निबंधमाला' आणि 'स्त्रीपुरुषतुलना'

अमेरिकन भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, इंग्रजी परिच्छेद मुख्य विधानापासून सरळ रेषेत पुढे जातो, तर चिनी किंवा कोरियन लेखक विषयाभोवती फेरे घेत घेत मध्याकडे येतो. हे मत पुढे फार ढोबळ ठरले. तथापि कोणत्या मांडणीस सुसंगत म्हणावे, हा त्यामागील प्रश्न मराठी गद्याच्या इतिहासातही उपस्थित होतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. मेकॉले व जॉन्सन हे त्यांचे आदर्श होत. मुद्द्यांची चढती रचना आणि लांब, तोललेली वाक्ये हे इंग्रजी निबंधाचे वळण त्यांनी मराठीत रुजविले.

चिखलीनजीकच्या बुलढाणा येथील ताराबाई शिंदे यांचा मार्ग निराळा. वडिलांनी घरीच शिकविलेल्या या लेखिकेचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (अपिलात ती बदलली गेली) आणि वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवरच टीका सुरू झाली. ताराबाईंचे पुस्तक हे त्या टीकेस उत्तर होय.

इंग्रजी निबंधाच्या मापाने पाहिल्यास ते विस्कळीत भासते. परंतु त्याची रचना खंडनाची आहे. स्त्रियांचे दुर्गुण मोजणारे एक संस्कृत वचन ताराबाई पूर्वपक्ष म्हणून घेतात आणि त्यातील एकेक आरोप उचलून तो पुरुषांवर उलटवितात. म्हणूनच आरोप बदलला की विषय बदलल्यासारखा वाटतो, मूळ प्रश्न मात्र परत परत येतो. पती हा पत्नीचा देव असेल, तर त्याने देवासारखे वागावयास नको काय? सावित्री पतीसाठी यमाकडे गेली. पत्नीसाठी असा कोणता पती गेला? शास्त्रार्थाच्या या चौकटीत ताराबाईंची भाषा मात्र अंगणातली, थेट पुरुषांना उद्देशून बोलणारी. प्रतिपक्षाचे शस्त्र प्रतिपक्षावरच चालवावयाचे असल्याने येथे सरळ रेषा उपयोगी पडली नसती.

अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. शास्त्रीपरंपरेतील चिपळूणकरही उपरोधाने प्रतिपक्षाचे खंडनच करीत, आणि त्यांच्या टीकेतून जोतीराव फुले सुटले नाहीत. फुल्यांनी 'सत्सार'मध्ये १८८५ साली ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले.