पेटीबाहेर न पडणारी किल्ली

कर सल्लागारांच्या कार्यालयात एक मागणी वर्षातून चार-पाच वेळा तरी होते. डिजिटल सहीचा जुना डोंगल खिळखिळा झालेला असतो, नवा आणलेला असतो, आणि पक्षकार सहज म्हणतो, "यातली सही त्यात टाकून द्या ना." समोरचा नकारार्थी मान हलवतो. टॅलीचा अख्खा डेटा कॉपी होतो, दहा वर्षांचे फोटो कॉपी होतात, पण अंगठ्याएवढ्या त्या टोकनातली सहीची किल्ली काही केल्या बाहेर येत नाही. डोंगल हरवला तर सही नव्यानेच काढायची. कागदपत्रे पुन्हा, कॅमेऱ्यासमोरची पडताळणी पुन्हा.

हा काही यंत्रातला दोष नाही. किल्ली बाहेर येऊ नये म्हणूनच ते टोकन बनवलेले असते. तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा महाराष्ट्रात १५ रुपयांत घरबसल्या उतरवून घेता येतो. त्या सहीवर कचेऱ्या विसंबतात, कारण ती करणारी किल्ली एकाच ठिकाणी आहे असे सगळे धरून चालतात. हाच नियम वरवर चढत जातो. तलाठ्याच्या किल्लीची ओळख पटवते एक परवानाधारक प्रमाणन प्राधिकरण. प्राधिकरणाची ओळख पटवते केंद्र सरकारच्या नियंत्रकाची मूळ किल्ली, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली उभे राहिलेले भारताचे मूळ प्रमाणन. या प्रत्येक पायरीवर किल्ली एका पेटीत बंद असते. पेटी लहान-मोठी, इतकाच फरक.

मग प्राधिकरणाला घर बदलायचे असेल तर? सॉफ्टवेअर जुने झाले, पेटी बनवणारी कंपनीच बंद पडली, तर जी किल्ली बाहेर काढताच येत नाही ती नव्या घरी कशी न्यायची? याचे उत्तर समजून घ्यायचे तर या पेटीचे कूळ पाहावे लागते.

मराठीने 'शिक्कामोर्तब' हा शब्द जपून ठेवला आहे. जुन्या पत्रांत मुद्रा माथ्यावर उमटे आणि मोर्तब मजकुराच्या शेवटी. मोर्तबाखाली कुणाला ओळ घुसडता येऊ नये, हे त्याचे काम. डिजिटल सहीही नेमके हेच करते: सहीनंतर मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलला तरी सही जुळत नाही. (बंगळूरच्या एका परवानाधारक प्राधिकरणाने नावातच हा वारसा घेतला आहे: ईमुद्रा.) पण शिक्का ही धातूची वस्तू होती. तो चोरीला गेला तर जागा रिकामी दिसे. डिजिटल सहीची खाजगी किल्ली म्हणजे निव्वळ एक प्रचंड मोठा आकडा, आणि आकडा चोरला तरी जागेवरच राहतो. मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून या आकड्याला पुन्हा वस्तू बनवावे लागले. जी एका वेळी एकाच जागी असेल, जिला कुलूप लावता येईल आणि जी फुटली तर फुटलेली दिसेल अशी वस्तू.

ती पहिल्यांदा बनवली ती बँकांसाठी. मोहम्मद अटाला इजिप्तमधल्या पोर्ट सैदचे. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत त्यांनी डावॉन कांग यांच्याबरोबर मॉसफेट ट्रान्झिस्टर घडवला, जो आज जवळजवळ प्रत्येक चिपच्या पोटात आहे. एवढ्या कामावर कुणीही आयुष्यभर समाधान मानले असते. अटालांनी १९७२ मध्ये बँकांच्या सुरक्षेसाठी कंपनी काढली. त्या वेळी एटीएम नुकती येत होती आणि ग्राहकाच्या पिनचे काय करायचे हा प्रश्न होता. बँकेच्या संगणकात पिन उघडा ठेवला तर तो संगणक चालवणाऱ्या प्रत्येकाच्या हाती खातेदारांचे पैसे. अटालांनी वेगळी पेटीच बनवली. गुपित पेटीत राहील, पिनची तपासणीही पेटीतच होईल, बाहेर फक्त 'जुळला' किंवा 'नाही जुळला' एवढे उत्तर येईल. 'अटाला बॉक्स' म्हणून ती बँकांत रुळली. आज एचएसएम, म्हणजे हार्डवेअर सिक्युरिटी मॉड्यूल, म्हणतात ते यंत्र याच घराण्यातले.

दुसरी शाखा विद्यापीठात फुटली. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली: एक किल्ली जगाला वाटायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पण वाटलेली किल्ली नक्की कुणाची, हे कसे कळणार? टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक सार्वजनिक यादी ठेवावी, असा त्यांचा विचार होता. १९७८ मध्ये एमआयटीत पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने त्यातली अडचण ओळखली. प्रत्येक वेळी यादीवाल्याला विचारत बसायचे तर सगळी वाहतूक त्याच्याच दाराशी तुंबणार. त्यापेक्षा नाव आणि किल्ली एका चिठ्ठीवर लिहावी, विश्वासू संस्थेने त्यावर डिजिटल सही करावी, आणि ती चिठ्ठी मालकाने हवी तिथे दाखवावी. या चिठ्ठीला त्याने 'सर्टिफिकेट' म्हटले. शब्द टिकला. १९८८ मध्ये एक्स.५०९ या मानकाने चिठ्ठीचा नमुना ठरवला, आणि ब्राउझरमधल्या सुरक्षित जोडणीमागे अजूनही तोच नमुना आहे.

कोनफेल्डरच्या युक्तीने यादीवरचा भार उतरला आणि तो सगळा एका आकड्यावर येऊन पडला. विश्वासू संस्थेची किल्ली ज्याच्या हाती, तो कुणाच्याही नावाची चिठ्ठी बनवू शकतो. बँकेच्या, सरकारच्या, तुमच्या. अशी किल्ली एका माणसाकडे ठेवायची नाही, मग किती जणांकडे ठेवायची? आदी शमीर यांनी १९७९ मध्ये आपल्या छोट्याशा निबंधाची सुरुवातच एका कपाटाने केली. अकरा शास्त्रज्ञ, एक कपाट, आणि अट अशी की कोणतेही सहा जण आले तरच ते उघडावे. साध्या कुलपांनी हे करायचे तर ४६२ कुलुपे लागतात आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या. शमीर यांनी त्याऐवजी शाळेतल्या बीजगणिताचा आधार घेतला: वक्ररेषेवरचे पुरेसे बिंदू एकत्र आले तरच वक्ररेषा सापडते, एक बिंदू कमी पडला तर काहीच सापडत नाही. सातातल्या तिघांची स्मार्टकार्डे लागल्याशिवाय पेटी उघडत नाही, ही आजची रीत याच विचारातली.

नव्वदीच्या दशकात या शाखा एकत्र आल्या. १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने अशा पेट्यांसाठी फिप्स १४०-१ हे मानक काढले आणि सुरक्षेच्या चार पातळ्या ठरवल्या. वरच्या पातळीवरची पेटी कुणी फोडू पाहिली, तर ती आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. १९९५ मध्ये व्हेरिसाइन ही कंपनी प्रमाणपत्रांच्याच धंद्यासाठी निघाली. त्याच वर्षी आरएसए प्रयोगशाळेने पीकेसीएस-११ ही बोली प्रसिद्ध केली. 'अमुक नावाच्या किल्लीने यावर सही कर' असे सॉफ्टवेअरने पेटीला सांगायचे, पेटीने सही करून द्यायची, किल्ली दाखवायची नाही. बाहेर तिचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण स्थलांतराच्या दृष्टीने या कुळातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

कारण तिच्यामुळे घर बदलण्याचे अर्धे काम सोपे झाले. पेटी तीच ठेवून फक्त सॉफ्टवेअर बदलायचे असेल, तर किल्लीला हात लावायचा नाही. नव्या सॉफ्टवेअरला किल्लीचे नाव सांगायचे. मग जुन्या दप्तरातून दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद, रद्द केलेल्यांची यादी आणि नमुन्यांचे नियम आणायचे. खरी परीक्षा असते ती नव्या सॉफ्टवेअरने काढलेल्या पहिल्या रद्दयादीची. तिचा क्रमांक जुन्या शेवटच्या यादीपेक्षा मोठाच हवा, आणि ती त्याच जुन्या पत्त्यावर मिळायला हवी, कारण दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रात तो पत्ता कोरलेला असतो आणि तो आता बदलता येत नाही.

सॉफ्टवेअरने केलेली बारीक चूकही किती लांब जाते, हे २०१९ मध्ये दिसले. प्रमाणपत्राच्या अनुक्रमांकात किमान ६४ बिट अनपेक्षित असावेत, असा नियम आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले ईजेबीसीए हे सॉफ्टवेअर बरीच प्राधिकरणे वापरतात; ते ६४ बिट घेत होते, पण अनुक्रमांक धन असावा म्हणून पहिला बिट शून्यच ठेवावा लागे. उरले ६३. कुणाचे नुकसान झाले नव्हते. तरीही ॲपल, गूगल, गोडॅडी यांना लाखो प्रमाणपत्रे बदलून द्यावी लागली. एका बिटासाठी एवढा खटाटोप अती वाटेल. पण विश्वासावर चालणाऱ्या धंद्यात नियम चुकल्यावर दुसरा मार्ग नव्हता.

पेटीच बदलायची वेळ आली की खरी कसोटी लागते. एकाच कंपनीच्या दोन पेट्यांत किल्ली कुलूपबंद अवस्थेत हलवण्याची सोय सहसा असते. कंपनी बदलली की बहुधा तीही नाही. तिथे एकच वाट उरते: नव्या पेटीत नवी किल्ली जन्माला घालायची आणि जुनीने तिची ओळख जगाला करून द्यायची. लेट्स एन्क्रिप्ट हे प्रमाणन प्राधिकरण २०१५ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांची मूळ किल्ली कुठल्याच ब्राउझरच्या ओळखीची नव्हती. आयडेनट्रस्ट या जुन्या संस्थेने त्यांच्यासाठी सही दिली, आणि त्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपेपर्यंत नवे नाव रुळले.

याचे सर्वांत उघडे, सगळ्यांना पाहता येणारे उदाहरण म्हणजे इंटरनेटच्या नामव्यवस्थेची मूळ किल्ली. ती काटेकोर अर्थाने प्रमाणन प्राधिकरणाची नव्हे. ती या नामव्यवस्थेच्या, म्हणजे डीएनएसच्या, शिरोभागी असते, पण रीत तीच. १६ जून २०१० रोजी व्हर्जिनियातल्या कल्पेपर गावी पहिला 'किल्ली सोहळा' झाला. दुसरे ठिकाण कॅलिफोर्नियातले एल सेगुंडो. वर्षाला चार सोहळे होतात. निरनिराळ्या देशांतले विश्वस्त येतात, त्यांच्या कार्डांशिवाय पेटी चालत नाही, निदान तिघे लागतात. वापरला जाणारा लॅपटॉप असा की त्यात ना हार्ड डिस्क, ना बॅटरी. प्रत्येक पायरी छापील संहितेप्रमाणे, प्रत्येक क्षण कॅमेऱ्यासमोर, आणि कुणीही तो घरबसल्या पाहू शकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडोच्या एका तिजोरीचे कुलूपच बिघडले. सोहळा पुढे ढकलून, कारागीर बोलावून, तिजोरी ड्रिलने फोडावी लागली. साऱ्या जगाच्या नामव्यवस्थेचे वेळापत्रक एका कुलपावर येऊन थांबले होते.

ही मूळ किल्ली पहिल्यांदा बदलायची होती ११ ऑक्टोबर २०१७ ला. सगळे संगणक तयार नसल्याची शंका आली आणि बदल बरोबर एक वर्ष लांबवला गेला. ११ ऑक्टोबर २०१८ ला तो सुखरूप पार पडला. पुढची किल्ली एप्रिल २०२३ मध्ये बनवली गेली. तेवढ्यात वापरातली कीपर ही पेटीच यापुढे बनणार नाही, असे कळले. जी पेटी जाणार तिच्यातच नवी किल्ली अडकवून ठेवायची कशाला? ती बाजूला ठेवली गेली, एकही सही न करता. थेल्स कंपनीची लुना पेटी निवडली गेली आणि २६ एप्रिल २०२४ च्या सोहळ्यात तिच्यात दुसरी किल्ली तयार झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती नामव्यवस्थेत प्रसिद्ध झाली. सह्या मात्र जुनीच करत राहिली, नवी नुसती शेजारी. सुमारे पावणेदोन वर्षांची ही ओळखपरेड संपल्यावर, वेळापत्रकाप्रमाणे ११ ऑक्टोबर २०२६ ला, सह्यांचे काम नवीकडे जायचे. इतका संथपणा शहाणपणाचा आहे. जगभरच्या असंख्य संगणकांनी नवी किल्ली आपापल्या वहीत लिहून घेईपर्यंत जुनी टाकणे म्हणजे पूल ओलांडायच्या आत तो मोडणे.

पेटीच्या कुळात एक काळे पानही आहे. २०११ च्या उन्हाळ्यात डिजिनोटार या डच प्राधिकरणात कुणी अज्ञात शिरले आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रे बनवून गेले. त्यातले गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र वापरून इराणमधल्या लोकांच्या मेलवर नजर ठेवली गेली. बाधित आयपी पत्ते सुमारे तीन लाख होते. डिजिनोटारकडे पेटी होती. किल्ली पेटीबाहेर गेलीच नव्हती, जाण्याची गरजही पडली नाही. सगळे प्रमाणन सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये होते आणि एका पासवर्डने सगळ्यांत शिरता येत होते. सहीसाठी जागी असलेली पेटी मागेल त्याला सही देत राहिली. सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. ब्राउझरांनी तिचे नाव पुसले, आणि तिच्या खऱ्या ग्राहकांची प्रमाणपत्रेही त्याबरोबर बाद झाली.

म्हणून वाचकाला एक विनंती. तुमचा डोंगल या क्षणी कुठे आहे ते आठवून पाहा. सोसायटीच्या सचिवांचा, छोट्या कंपनीच्या संचालकांचा, निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराचा डोंगल पुष्कळदा सल्लागाराच्या खणात पडलेला असतो, आणि पिन त्यालाच चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला. सल्लागार प्रामाणिकच असतो. पण डोंगल आणि पिन एकत्र ज्याच्या हाती येतील, त्याने केलेली प्रत्येक सही तुमच्या नावाची. डोंगल आजच परत मागून घ्या, पिन बदला, आणि सही करायची असेल तेव्हा स्वतः जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी घेणे ही प्रमाणपत्र घेणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि किल्ली फुटली तर विनाविलंब प्राधिकरणाला कळवणे हीसुद्धा.