शिरेल

'मालिका' हा शब्द आमच्या गावात फार उशिरा आला. त्याआधी होती ती 'शिरेल'. "आज शिरेल हाय, भाकरी लवकर थापा," असं एकमेकींना सांगत बायका विहिरीवरून पाणी आणायच्या. सिरियल म्हणजे इंग्रजीत क्रमाने येणारी गोष्ट, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. रोजच्या रोज थोडी थोडी पुढे सरकणारी गोष्ट आमच्या गावाला नवी नव्हती. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एका रात्री एक अध्याय. राक्षस मारायला देव निघाला की अध्याय संपायचा आणि म्हातारी माणसं "उद्या मारतोय बघ" म्हणत घरी जायची. शिरेल ही त्याच जातीची, फक्त पोथी महिन्याने संपायची आणि ही संपता संपत नाही.

विनोदाचंही तसंच. जत्रेत तमाशा यायचा, त्यात बतावणी असायची. सोंगाड्या तोच, त्याची खोड तीच, मावशीचा ठसका तोच. प्रसंग तेवढा बदलायचा. सोंगाड्या दरवेळी फजीत पावतो आणि दुसऱ्या दिवशी शहाणा न होता परत उभा राहतो. इंग्रजीत ज्याला 'सिटकॉम' म्हणतात, म्हणजे प्रसंगावर बेतलेली विनोदी मालिका, तिचा सगळा कायदा एवढाच आहे. शिरेलीत काल घडलेलं आज विसरून चालत नाही आणि विनोदी मालिकेत काल घडलेलं आज विसरावंच लागतं.

या दोन्ही जाती जगात कुठून निघाल्या ते मला फार पुढे, शिकायला शहरात गेल्यावर कळलं. शिरेलीला इंग्रजीत 'सोप ऑपेरा' म्हणतात. सोप म्हणजे आपला अंगाचा, कपड्याचा साबण. अमेरिकेत १९३० च्या सुमारास घरोघरी रेडिओ आला. दुपारी पुरुष कामावर जायचे आणि बाई घरात एकटी धुणीभांडी करायची. तिच्या कानावर गोष्ट घालायची आणि गोष्टीच्या आगेमागे साबण विकायचा, ही युक्ती व्यापाऱ्यांना सुचली. शिकागोत इर्ना फिलिप्स नावाच्या बाईने १९३० मध्ये 'पेंटेड ड्रीम्स' ही मालिका रेडिओवर सुरू केली. १९३३ मध्ये 'मा पर्किन्स' आली, तिचा खर्च कपडे धुण्याच्या साबणाच्या कंपनीने उचलला. इर्ना फिलिप्सचीच 'गायडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ मध्ये थांबली. ७२ वर्षं एकच गोष्ट! आमच्याकडे एवढी वर्षं फक्त बांधाचं भांडण चालतं.

विनोदी मालिकेचा साचा पक्का केला तो १९५१ च्या 'आय लव्ह लुसी'ने. समोर खरे प्रेक्षक बसवायचे, तीन कॅमेऱ्यांनी एकदम चित्रण करायचं आणि त्या प्रेक्षकांचं हसू गोष्टीबरोबर ऐकवायचं. घरात एकटा बसलेला माणूसही मग दहा जणांबरोबर हसल्यासारखा हसतो.

पण मला सगळ्यात जवळची वाटली ती इंग्लंडची 'द आर्चर्स'. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे धान्याची टंचाई होती. शेतकऱ्याने नव्या रीतीने पिकवावं म्हणून त्याला माहिती द्यायची, पण नुसती भाषणं ऐकणार कोण? म्हणून बीबीसीने एका शेतकरी कुटुंबाची गोष्ट रेडिओवर लावली आणि भांडणं-लग्नं चालू असताना हळूच खतं, बियाणं, जनावरांचे रोग सांगितले. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर लागली, ती अजून चालू आहे. आपल्या मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमात 'गप्पागोष्टी' लागायच्या, त्याही याच वळणाच्या. हसत हसत कुणी कुणाला फवारणी सांगावी, पीककर्ज सांगावं. गोष्टीच्या गुळात औषधाची गोळी.

हीच गोळी आमच्या गावापर्यंत आली ती मेक्सिकोच्या वाटेने. तिथे मिगेल साबिदो नावाच्या माणसाने १९७५ च्या आसपास मालिकांमधून प्रौढांना शिकायला आणि पुढे कुटुंब लहान ठेवायला सांगायचा प्रयोग केला होता. त्याची रीत साधी होती. एक पात्र चांगल्या वाटेवरचं, एक वाईट वाटेवरचं आणि एक मधे लटकलेलं. बघणारा त्या मधल्याबरोबर चालतो. आपले वर्ध्याचे खासदार वसंत साठे तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांचं लक्ष या प्रयोगाकडे गेलं आणि त्यातून पुढे दिल्लीत 'हम लोग' तयार झाली. ७ जुलै १९८४ ला तिचा पहिला भाग लागला. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रायोजक कोण, तर दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया. आमच्याकडे शेवया पाटावर वळायच्या, बाजेवर वाळत घालायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. दोन मिनिटांची जाहिरात लागली की माझी थोरली काकी म्हणायची, "शिजवतीया दोन मिन्टात, पर वळल्या कुणी?"

त्या वर्षी देशात लहान लहान प्रक्षेपण केंद्रांचा सपाटाच लागला होता. इन्सॅट-१बी उपग्रह वर होता, तो दिल्लीचं चित्र खाली टाकायचा आणि ही शंभर वॅटची केंद्रं ते आसपासच्या गावांना वाटायची. त्यामुळे एक गंमत झाली. मुंबईचे मराठी कार्यक्रम आमच्या गावाला दिसायचेच नाहीत. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकातच मुंबई दूरदर्शनवर येऊन गेले होते, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरात पोचले होते, पण ती घरं मुंबई-पुण्याकडची. माणदेशाच्या कडेला असलेल्या आमच्या गावात टीव्ही आला तो हिंदी बोलत.

गावात संच दोन. एक ग्रामपंचायतीचा, तो कायम कुलपात. दुसरा सोसायटीच्या चेअरमनच्या घरी, काळा-पांढरा, लाकडी दारांचा. वीस फुटी बांबूवर अँटिना. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग एक पोरगं माळवदावर चढून बांबू फिरवायचं आणि खालून आरडाओरडा, "आलं, आलं... गेलं! परत फिरीव!" वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. अंगणात बसायची रीतही ठरलेली. ओट्यावर पुरुष, अंगणात पोरं, आणि बायका स्वयंपाकघराच्या दारातून आणि भिंतीच्या आडून. काही घरची माणसं मात्र बाहेर रस्त्यावर उभी राहून बघायची. त्यांना आत या असं कुणी म्हणत नव्हतं आणि ती आत येत नव्हती. हे तेव्हा कुणाला खटकत नव्हतं, म्हणून आज लिहून ठेवतो.

मी सहावीत होतो. हिंदी नुकतं लागलेलं. त्यामुळे बायकांच्या घोळक्यात मला मान होता. "काय म्हणला रं त्यो?" की मी सांगायचं. बसेसर राम दारू पितो, भागवंती सोसते, बडकीला हुंडा मागतात, छुटकीला डॉक्टर व्हायचंय. मी एक वाक्य सांगेपर्यंत पडद्यावरची चार वाक्यं निघून जायची. पण बायकांना त्याचं काही अडत नव्हतं. दारू पिऊन आलेला नवरा कसा चालतो हे समजायला हिंदी कशाला लागतंय?

सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता. लोक कंटाळले, तसा तो कमी केला आणि घरातल्या कटकटी वाढवल्या. मग मालिका उचलली. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. देशभरातून ४ लाखांवर पत्रं आली असं म्हणतात. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा एक वेगळीच गोष्ट निघाली. सोसत राहणारी भागवंती ही 'अशी होऊ नका' म्हणून रंगवलेली होती, पण कितीतरी बायकांनी तिलाच आदर्श मानलं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आमच्या अंगणात तिच्यासाठी रडणाऱ्या बायका मी जवळून बघितल्या होत्या. त्या तिच्या चुकीवर रडत नव्हत्या. आपलं कुणीतरी एवढ्या मोठ्या पेटीत दाखवलं, म्हणून रडत होत्या.

त्याच साली 'ये जो है जिंदगी' आली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि दर भागात नव्या सोंगात येणारा सतीश शहा. लेखन शरद जोशींचं, म्हणजे हिंदीतल्या व्यंगलेखकाचं, आपल्या शेतकरी नेत्याचं नव्हे. आमचे तात्या बरेच दिवस त्या नावावरून घोळात होते. सोफ्यावरच्या त्या भांडणांचं गावाला फार कौतुक वाटलं नाही, पण सतीश शहा आला की सगळे सरसावून बसायचे, कारण तो आमच्या ओळखीचा होता. तो सोंगाड्या होता. मग 'नुक्कड' आली, 'वागले की दुनिया' आली. वागले मराठी नावाचा, म्हणून आपला. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागलं आणि पोथीने टीव्हीत जाऊन आपली जागा परत घेतली.

रोजची शिरेल १९९४ मध्ये 'शांती'पासून सुरू झाली, तीही दुपारची. अमेरिकेच्या त्या जुन्या हिशेबाने दुपारी बाई घरात असते. आमची बाई दुपारी भांगलायला असायची. म्हणून रोजची शिरेल गावात खरी रुजली ती संध्याकाळी यायला लागल्यावर आणि मराठीत बोलायला लागल्यावर. दूरदर्शनवर 'दामिनी' आली. ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. 'आभाळमाया', 'वादळवाट', आणि तीन हजारांवर भाग चाललेली 'चार दिवस सासूचे'. विनोदाच्या बाजूला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. त्यातले आबा म्हणजे तेच प्रभावळकर, ज्यांचे चिमणराव आमच्या गावाने पाहिलेच नव्हते. मधल्या वीस-बावीस वर्षांची उधारी त्यांनी अशी फेडली.

नेमकं याच काळात भारनियमन आलं. २००५ नंतरची ती वर्षं खेड्यातला माणूस विसरणार नाही. रात्री बारा-बारा तास अंधार. शेतीपंपाची आणि गावठाणाची लाइन वेगळी करायची योजना आली, तेव्हा पुरुषांनी विचारलं, मोटर कधी चालणार? बायकांनी विचारलं, आठ वाजता लाइट असणार का? पुरुष हसले. पारावर एकच बोलणं, "ह्या शिरेलींनी घरं नासवली. सासू-सुना एकमेकींचं काटं काढाय शिकल्या." जणू शिरेली येण्याआधी आमच्या गावात सासवा सुनांना ओवाळत होत्या!

मी बघितलं ते निराळं होतं. पहाटे पाचला उठलेल्या बाईला दिवसात बसायला मिळायचं ते फक्त त्या अर्ध्या तासात. त्या वेळात चहा मागायचा नाही, एवढं पुरुषही शिकले. आणि शिरेलीत काय असायचं? इस्टेटीची कागदपत्रं आणि फसवून घेतलेल्या सह्या. शहरातले लोक त्याला हसतात. पण २००५ चा कायदा झाला, बापाच्या जमिनीत मुलीला मुलाएवढा वाटा आला, आणि गावोगाव भाऊ बहिणींच्या सह्या गोळा करायला निघाले. माझ्या आत्याकडेही हक्कसोडपत्र आलं. आत्या अंगठेबहाद्दर नव्हती, सही करायची, पण वाचायचा सराव नव्हता. तिने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि माझ्यापुढे धरला. "वाचून दाव. पैल्यापासनं. शिरेलीत बगत्ये मी, वाचल्याबिगर सही केली की बाईचं वाटुळं हुतंय."

मी वाचलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हिरीजवळचं वीस गुंठं सोडून बाकीवर सही करते." घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. पण वीस गुंठे तिच्या नावावर राहिले. हे शिरेलीने केलं असं मी म्हणणार नाही. आत्या मुळातच खमकी होती. पण त्या दिवशी तिला बोलायला जो आधार लागला, तो तिला ना शाळेने दिला होता, ना तलाठ्याने.

पुढे गावच मालिकेत आलं. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये कोल्हापूरचा पैलवान, 'लागिरं झालं जी'मध्ये साताऱ्याकडचा फौजी. आपली बोली टीव्हीवर ऐकून लोक हरखले. वाडे बघायला गाड्या भरून गेले. मला मात्र एक गोष्ट सलते. त्या गावांत पाऊस दडी मारत नाही. सोसायटीची नोटीस येत नाही. बायका भरजरी साडीत चुलीपुढे असतात, भांगलायला जात नाहीत. साबणासाठी सुरू झालेल्या गोष्टीत शेवटी सगळंच धुऊन स्वच्छ निघालं.

आता घरात चार माणसं आणि चार मोबाइल. काकी गेली. आत्या ऐंशीची आहे, वीस गुंठ्यात तिने डाळिंब लावलंय. नातसून तिला कालचा भाग मोबाइलवर लावून देते, हवा तेव्हा, हवा तिथे. आठ वाजायची वाट बघावी लागत नाही. पण सुनेचा तो अर्धा तास मात्र राहिला नाही. तिच्या कानात गोष्ट चालू असते आणि हात भाकरीच्या पिठात असतात. मधेच कुणीतरी चहा मागतो, आणि ती उठते.