भाडेपट्टा : स्वामित्व आणि उपभोग

साधूंना निवासस्थान देणाऱ्या गृहस्थास जैन परंपरेत ‘शय्यातर’ म्हणतात. साधू त्याच्या अनुज्ञेने राहतात. वास्तूवर हक्क सांगत नाहीत. स्वामित्व आणि उपभोग यांतील असाच भेद १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील भाडेपट्ट्याच्या व्याख्येत आहे : मोबदला घेऊन उपभोगाचा हक्क दिला जातो, स्वामित्व मात्र मूळ धन्याकडेच राहते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना संरक्षण लाभले. परंतु गोठलेल्या भाड्यांत जुन्या वास्तूंची दुरुस्तीही कठीण झाली. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची शेतजमीन १० वर्षांहून आणि इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. दात्याचे दान अक्षय राहावे, हाच त्यामागील हेतू. विश्वस्त हे धनी नव्हेत, राखणदार होत.