पुन्हा बांधलेल्या इंजिनाचे मोल

मोटारीचा इतिहास सांगणारे नव्या गाड्यांच्या किमती मोठ्या हौसेने देतात. तीच गाडी काही वर्षांनी धूर ओकू लागली, तेव्हा इंजिन पुन्हा बांधून घेण्यासाठी मालकाने काय मोजले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः एखाद्या समाजात माणसाच्या श्रमाला काय भाव होता आणि तयार वस्तूला काय, हे या दुसऱ्या किमतीवरून अधिक स्वच्छ कळते, असे आम्हांस वाटते.

प्रथम ते काम कसे असते ते पाहू. पिस्टनच्या सततच्या येरझाऱ्यांनी सिलिंडर झिजतो आणि किंचित लंबगोल होतो. रिंगा सैल पडतात, तेल वर चढून जळते आणि मागून निळा धूर निघू लागतो. मग इंजिन उतरवायचे, सिलिंडर बोअर करून पुन्हा गोल करायचा, त्यात किंचित मोठे पिस्टन घालायचे, क्रँक घासून घ्यायचा, व्हॉल्व्ह नीट बसवायचे. जुन्या इंजिनांत तर बेअरिंगही तयार मिळत नसे. कथिलासारख्या मऊ मिश्रधातूचा रस जागेवर ओतायचा आणि तो थिजल्यावर क्रँक बेताचा फिरेपर्यंत हाताने खरडायचा. तेव्हा या कामाच्या किमतीचे वाटे दोन: एक सुट्या भागांचा, दुसरा कारागिराच्या तासांचा. नवे इंजिन कारखान्यात यंत्रांच्या रांगेवर तयार होते. जुने मात्र माणसालाच उकलावे आणि सांधावे लागते.

अमेरिकेत हा फरक फार लवकर जाणवला. १९०८ साली फोर्डची मॉडेल टी मोटार ८५० डॉलरांना निघाली. १९१३ पासून सरकत्या रांगेवर जोडणी होऊ लागली आणि १९२५ साली तिच्यातली दोन आसनांची साधी गाडी २६० डॉलरांवर आली. त्या सुमारास फोर्डच्या कारखान्यात किमान रोज ६ डॉलर होता. म्हणजे अवघ्या ४३ दिवसांच्या मजुरीत नवी गाडी! आता हिशेब करा. तशाच मजुरीचा कारागीर इंजिनकामाला आठ दिवस लावील, तर नुसत्या मजुरीतच नव्या गाडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. गाडी स्वस्त होत गेली तसतशी दुरुस्ती, तिच्या तुलनेने, महाग होत गेली. दुरुस्ती करणाऱ्याने दर वाढवला नव्हता. समोरचे पारडे हलके झाले होते.

युद्धाने हाच काटा उलट फिरवला. १९४१ साली ३५ लाखांहून अधिक मोटारी बांधणाऱ्या अमेरिकेने फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी मोटारींचे उत्पादन थांबवले, ते १९४५ पर्यंत. नवी गाडी कोणत्याही पैशाला मिळेना, तेव्हा जुन्या इंजिनाला मोल चढले. युद्धानंतरच्या जर्मनीत, जिथे लोखंडापासून सगळ्याचीच टंचाई होती, फोल्क्सवागेनने १९४७ साली जुने इंजिन घेऊन दुरुस्त इंजिन देण्याची पद्धत सुरू केली, आणि १९५८ साली कासेलजवळ त्यासाठी वेगळा कारखानाच उभारला. येथे गिऱ्हाइकाचे झिजलेले इंजिन हाच किमतीचा एक भाग ठरला. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेणाऱ्या आपल्या गृहिणींना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे मात्र युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९४९ साली तयार परदेशी मोटारींच्या आयातीला बंदी झाली. शिवडीला १९२८ पासून मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. उरल्या त्या मुख्यतः कलकत्त्याजवळची ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याची फियाट. त्यांच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा देशात इंजिन टाकून देणे म्हणजे दुभती गाय सोडून देणे. सिलिंडर एकदा बोअर होई, पुन्हा होई. भिंत पातळ झाली की आत स्लीव्ह बसवून गाडी पुन्हा रस्त्यावर येई. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी फियाटची अशी कैक आयुष्ये वापरली. तिचीच वंशज पद्मिनी, शेवटची काळी-पिवळी, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तीही इंजिन थकले म्हणून नव्हे, वीस वर्षांची मुदत भरली म्हणून.

हे सारे स्मरताना ‘तेव्हा किती स्वस्तात होई!’ असा उसासा सहज निघतो. पण ती स्वस्ताई कोणी सोसली, हेही विचारले पाहिजे. सुटे भाग त्या काळी स्वस्त नव्हतेच. स्वस्त होता तो मिस्त्रीचा दिवस, आणि त्याहून स्वस्त होता रॉकेलच्या थाळ्यात नटबोल्ट धूत बसलेला, शाळा सुटलेला पोऱ्या. मालकाचे वाचलेले पैसे बऱ्याच अंशी त्याच्या खिशातून गेले होते. त्याला पगारापेक्षा विद्या अधिक मिळाली, हे खरे. कानाने टॅपेटचा आवाज ओळखणारे कैक मिस्त्री त्याच थाळ्यापाशी घडले. पण विद्या मिळाली म्हणून मजुरीचे देणे फिटत नाही.

आज इंजिनकामाचा आकडा ऐकून आपण दचकतो. त्यात बारीक मापांच्या नव्या यंत्रांचा वाटा आहे, तसाच कारागिराच्या वाढलेल्या मोलाचाही आहे. पहिल्याबद्दल कुरकुर करावी. दुसऱ्याबद्दल करताना मात्र त्या थाळ्यापाशी बसलेल्या पोराकडे एकदा पाहावे, इतकेच आमचे सांगणे आहे.